रंग वेगळे करणारा : मिखाईल त्स्वेट

रशियन भाषेत 'त्स्वेट' म्हणजे रंग. हे आडनाव घेऊन जन्माला आलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाच्या पानातले रंग एकमेकांपासून सोडवण्याची युक्ती शोधून काढली, ग्रीक शब्द जोडून तिला 'क्रोमॅटोग्राफी' म्हणजे रंगलेखन असे नाव दिले, आणि घर व प्रयोगशाळा दोन्ही मागे टाकून, परक्या गावी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला. त्या वेळी त्याच्या युक्तीची विचारपूस करणारे फार थोडे होते. आज रक्ताची, औषधांची, अन्नातल्या कीटकनाशकांची तपासणी करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेचे या युक्तीवाचून पान हलत नाही. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत विसरले जाते. त्या ओळीमागचे आयुष्य सांगावे म्हणून हा लेख.

वाचकांपैकी काहींना नवल वाटेल. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. माझे विषय इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. उमापूरहून रोज एस. टी.ने कॉलेजला येणाऱ्या, ऊसतोड कामगाराच्या मुलीने या रशियन माणसाच्या मागे का लागावे, याला कारण आहे. ते पुढे सांगेन. आधी माणूस.

मिखाईल सेम्योनोविच त्स्वेट याचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतल्या आस्ती या गावी झाला. वडील सेम्योन हे रशियन सरकारी अधिकारी, आई मारिया इटालियन. आईवडील प्रवासात असतानाच हे मूल जन्मले आणि थोड्याच दिवसांत आई गेली. वडिलांना नोकरीसाठी रशियाला परतावे लागले. त्यांनी तान्ह्या मुलाला स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे एका दाईच्या हवाली केले. म्हणजे इटलीत जन्मलेला हा रशियन मुलगा फ्रेंच बोलत स्वित्झर्लंडमध्ये वाढला. कोणता देश आपला, हा प्रश्न त्याच्यापुढे लहानपणीच उभा राहिला असेल, असे मला वाटते. त्याचे उत्तर त्याला जन्मभर नीटसे मिळाले नाही.

शिक्षण लोझान आणि जिनिव्हा येथे झाले. १८९१ साली तो जिनिव्हा विद्यापीठात दाखल झाला. पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र हे तिन्ही विषय त्याने केले, आणि पुढे याचाच त्याला उपयोग झाला व याचाच त्रासही झाला. उपयोग असा की वनस्पतीच्या पेशीकडे तो रसायनशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहू शकला. त्रास असा की रसायनशास्त्रज्ञ त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ समजत राहिले आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना तो रसायनशास्त्रज्ञ वाटला. १८९६ साली पेशींच्या कार्यावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली, आणि त्याच वर्षी तो सेंट पीटर्सबर्गला, वडिलांच्या देशात गेला.

तेथे त्याला कळले की जिनिव्हाची डॉक्टरेट रशियात चालत नाही. विद्यापीठात शिकवायचे असेल तर रशियन पदव्या हव्यात, आणि त्या पहिल्यापासून घ्यायला हव्यात. चोवीस वर्षांचा, युरोपातल्या नामांकित विद्यापीठाचा डॉक्टर, पुन्हा विद्यार्थी झाला. पाच वर्षे त्याने मिळेल ती कामे केली, स्त्रियांच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवले, इतरांच्या प्रयोगशाळांत जागा मागून काम केले, आणि १९०१ साली कझान विद्यापीठातून मास्टरची पदवी मिळवली. रशियन डॉक्टरेट तर आणखी नऊ वर्षांनी, १९१० साली मिळाली. तोवर त्याला प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदवी म्हणजे एकदा हातात आली की संपले, असे आमच्या घरचे सगळे धरून चालतात. त्स्वेटची ही नऊ आणि पाच मिळून चौदा वर्षे मी अण्णांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी एवढेच विचारले की त्या काळात त्याचे पोट कशावर चालले.

ते चालले वॉर्सा येथील सहायकाच्या नोकरीवर. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि विद्यापीठ रशियन भाषेत चाले. तेथे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता दिमित्री इव्हानोव्स्की. तंबाखूच्या पानावरच्या रोगाचे कारण जंतूंहूनही बारीक आहे हे ज्याने १८९२ साली दाखवून विषाणूंच्या अभ्यासाला सुरुवात करून दिली, तोच हा. याच विद्यापीठात बसून त्स्वेटने पानाच्या हिरव्या रंगाचा प्रश्न हाती घेतला.

प्रश्न साधा दिसतो. पान हिरवे का, तर त्यात हरितद्रव्य आहे म्हणून. पण हरितद्रव्य एकच आहे की अनेक? शिवाय पानात पिवळे रंगही असतात. पिकलेले पान पिवळे होते तेव्हा तो रंग काही बाहेरून येत नाही, हिरवा गेला की आतला पिवळा दिसू लागतो. हे सगळे रंग एकमेकांत इतके मिसळलेले की वेगळे करताना त्यांचा नाश होई. तीव्र रसायने वापरली की जे हाती येई ते पानात होते की प्रयोगशाळेत तयार झाले, हेच कळेना.

त्स्वेटने केलेली गोष्ट ऐकायला इतकी सोपी आहे की ती आधी कुणाला सुचली नाही याचेच आश्चर्य वाटते. त्याने काचेची एक बारीक नळी घेतली. तिच्यात खडूची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची कोरडी भुकटी दाबून भरली. पानांचा अर्क वरून ओतला, आणि तो खाली उतरू लागल्यावर वरून नुसता द्रव सोडत राहिला. अर्कातले काही रंग खडूच्या कणांना घट्ट चिकटून राहत, ते मागे पडत. काही सैल धरत, ते द्रवाबरोबर पुढे सरकत. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या नळीत एकाखाली एक पट्टे उमटले : हिरवे, निळसर हिरवे, पिवळे, नारिंगी. मग नळीतला खडूचा दांडा तसाच बाहेर ढकलून सुरीने एकेक पट्टा कापायचा, त्यातला रंग धुऊन घ्यायचा, की तो शुद्ध हाती आला. ना उष्णता, ना आम्ल.

आषाढात पंढरीची वाट धरलेली दिंडी पाहिली म्हणजे मला हा प्रयोग आठवतो. गावातून सगळे एकदम निघतात. पण कुणी प्रत्येक पारावर टेकतो, कुणी पाणी प्यायला थांबतो, कुणी सरळ चालत सुटतो. संध्याकाळी पाहावे तर माणसे आपोआप वेगवेगळ्या टप्प्यांत विभागलेली असतात. त्यांना कुणी वेगळे केलेले नसते. वाटेवर कोण किती थांबला, यानेच ते झालेले असते.

२१ मार्च १९०३ रोजी वॉर्सातल्या निसर्गशास्त्रज्ञांच्या मंडळापुढे त्याने या पद्धतीविषयी व्याख्यान दिले. क्रोमॅटोग्राफीचा जन्मदिवस म्हणून आता हीच तारीख सांगतात. त्या व्याख्यानात क्रोमॅटोग्राफी हा शब्द मात्र नव्हता. तो आला १९०६ साली, जर्मन वनस्पतिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात छापलेल्या दोन लेखांत. मधल्या काळात १९०५ चा उठाव झाला, वॉर्सा विद्यापीठातले वर्ग बंद पडले, आणि नोकरीचा भरवसा राहिला नाही. अशा दिवसांत त्याने शंभराहून जास्त प्रकारच्या भुकट्या नळीत भरून पाहिल्या. खडू, साखर, इन्युलिन, जे सापडेल ते. हरितद्रव्य एक नसून दोन आहेत, हे त्याने स्वच्छ दाखवले. पिवळ्या रंगांच्या सबंध कुळाला कॅरोटिनॉइड हे नाव १९११ साली त्यानेच दिले. ही पद्धत रंगहीन पदार्थांनाही लागू पडेल, हेही त्याने त्याच लेखांत नोंदवून ठेवले होते. नाव रंगलेखन दिले, पण नजर रंगाच्या पलीकडे होती. हे नाव देताना त्याने आपले आडनाव त्यात चोरून ठेवले का, असा तर्क अनेकांनी केला आहे. त्याने स्वतः तसे कुठे म्हटलेले नाही. पण एवढी गंमत त्या एकाकी माणसाने केली असेल तर माझी काही तक्रार नाही.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत याच प्रयोगाचे धाकटे रूप केलेले असेल. खडूच्या कांडीवर बुडापासून बोटभर अंतरावर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्यायचा आणि कांडी थोड्या पाण्यात उभी करायची. पाणी वर चढते तसा काळा रंग फुटून निळा, जांभळा, तांबडा असा पसरतो. फळ्यावरचा खडू आता बहुधा जिप्समचा असतो, त्स्वेटचा खडू निराळा. पण तत्त्व तेच.

इतके झाल्यावर वैज्ञानिक जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. झाले उलटे. पोलंडचा रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की त्याच्यावर तुटून पडला. नळीतून द्रव गाळून असले मोठे प्रश्न सुटत नसतात, असा त्याचा सूर होता. म्युनिक आणि झुरिकमध्ये काम केलेला रिखार्ड विलश्टेटर हा हरितद्रव्याचा सर्वांत मोठा अभ्यासक. त्याला १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याकडे पद्धत पाहिली गेली, पण खडूऐवजी तीव्र भुकटी वापरली की हरितद्रव्य नळीतच बिघडते असे दिसले, आणि पद्धतच भरवशाची नाही असे ठरले. त्स्वेटने तर शंभर भुकट्या पारखून सौम्य कोणत्या ते आधीच सांगितले होते. विलश्टेटरची बाजूही थोडी समजून घ्यायला हवी. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला पदार्थ वाटीभर हवा असे, स्फटिकरूपात हवा असे, त्याचे वजन करून सूत्र काढायचे असे. बारीक नळीतल्या पातळ पट्ट्यांनी त्याचे समाधान कसे व्हावे? मोजमापाची साधनेच तेव्हा एवढ्या लहान मात्रेला पुरी पडणारी नव्हती.

आणखी एक अडथळा होता, तो भाषेचा. १९१० साली त्स्वेटने आपले सगळे काम एका ग्रंथात मांडले. तो वॉर्सात रशियन भाषेत छापला गेला. त्याच ग्रंथावर त्याला डॉक्टरेट मिळाली आणि १९११ साली रशियन विज्ञान अकादमीचे पारितोषिकही. पण जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड इथल्या रसायनशास्त्रज्ञांपैकी रशियन वाचणारे किती? ग्रंथ कपाटात राहिला. इंग्रजीत लिहिले नाही तर ज्ञानाला वाट नाही असे आमच्या वर्गात वादविवाद स्पर्धेत अनेकदा ऐकू येते, आणि मला ते पटत नाही. पण त्स्वेटचे उदाहरण त्या बाजूचे आहे हे मान्य करावे लागते.

पद्धत अगदीच मेली नाही. अमेरिकेतल्या पामर या संशोधकाने ती हाती धरली आणि गाईच्या लोण्याचा पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे येतो, हे दाखवले. म्हशीचे लोणी पांढरे का, हे आमची आजी विचारत असे. म्हैस ते कॅरोटिन दुधात उतरू न देता त्याचे जीवनसत्त्व करून टाकते म्हणून. हे उत्तर मला कळले तेव्हा आजी नव्हती.

पुढे १९३१ साली हायडेलबर्गला रिखार्ड कून, विंटरश्टाइन आणि तरुण एडगर लेडरर यांनी त्स्वेटची नळी पुन्हा उभी केली आणि कॅरोटिनचे प्रकार वेगळे करून दाखवले. गंमत अशी, की त्स्वेटच्या रशियन ग्रंथाचे एक टंकलिखित जर्मन भाषांतर विलश्टेटरने करवून घेतले होते. तेच कूनकडून लेडररच्या हाती आले. ज्याने पद्धत नाकारली त्याच्याच कपाटातून ती बाहेर पडली. त्यानंतर मागे वळून पाहणे नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये लोकरीच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांनी पद्धतीचा एक नवा प्रकार काढला. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. १९६० च्या दशकात नळीत फार बारीक कण भरून पंपाने जोराच्या दाबाखाली द्रव सोडणारी यंत्रे आली. त्यालाच एच. पी. एल. सी. म्हणतात. मधुमेही माणसाची 'तीन महिन्यांची शुगर' अनेक ठिकाणी याच यंत्रावर मोजतात.

आता माझे कारण.

माझी ताई गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ती आणि दाजी दरवर्षी टोळीबरोबर कारखान्याला जातात, बीड जिल्ह्यातल्या हजारो जोड्यांप्रमाणे. मोळी उचलताना तिला धाप लागे, आणि ते अंगमेहनतीचेच समजले जाई. तपासणीत रक्त कमी निघाले. रक्तवाढीच्या गोळ्या चालू झाल्या. दोन महिने झाले तरी आकडा हलेना. गोळ्या नीट घेत नाहीस म्हणून तिला बोलणी बसत. मी स्वतः तिला रोज गोळी घेताना पाहत होते. शेवटी एका डॉक्टरबाईंनी तिचे रक्त मोठ्या शहरात पाठवले. आठ दिवसांनी कागद आला. त्यावर आकडे होते आणि डोंगरासारखी एक रेघ : एक उंच शिखर आणि त्याच्या उजवीकडे एक छोटे. डॉक्टरबाईंनी बोट ठेवून सांगितले की हे छोटे शिखर जेवढे असावे त्याहून मोठे आहे. ताई थॅलेसेमियाची वाहक आहे. तिचे रक्त कमी असण्याला तिचा आळस कारण नव्हता.

ते शिखर कसे उमटते हे मी त्याच दिवशी विचारले, आणि तिथून मी त्स्वेटपर्यंत पोचले. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. ते प्रत्येकात एकाच प्रकारचे नसते. मोठ्या माणसाच्या रक्तात बहुतेक भाग हिमोग्लोबिन ए, दोन ते तीन टक्के ए-टू, आणि अगदी थोडे एफ, जे पोटातल्या बाळाचे असते. तिन्ही लाल, डोळ्यांना एकसारखे. तपासणीत रक्ताच्या पेशी फोडून तो लाल द्रव एका बारीक नळीत सोडतात. नळीतल्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, हिमोग्लोबिनवर त्या द्रवात धन. म्हणून ते चिकटते. मग वरून येणाऱ्या पाण्यातले क्षार हळूहळू वाढवत नेतात. सैल चिकटलेले आधी सुटते, घट्ट चिकटलेले नंतर. नळीच्या टोकाशी प्रकाशाचा पहारा असतो. लाल रंग आला की रेघ वर चढते. साधारण सहा मिनिटांत एका माणसाचा कागद तयार. कोणते शिखर किती मिनिटांनी आले यावरून प्रकार ओळखायचा, आणि किती मोठे यावरून प्रमाण. ए-टूचे प्रमाण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेले की थॅलेसेमियाचा वाहक असल्याची खूण समजतात. ताईचे ५.१ होते.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. थोडे रक्त कमी, एवढेच. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला मोठा थॅलेसेमिया असेल आणि त्याला जन्मभर रक्त चढवावे लागेल. म्हणून दाजींचे रक्त पाठवले. ते आठ दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. दाजींच्या कागदावर छोटे शिखर जागच्या जागी होते. पुढे ताईला मुलगी झाली, ती धडधाकट आहे.

डॉक्टरबाईंनी भावंडांचीही तपासणी सांगितली. माझे ए-टू ५.३ निघाले. आईचे म्हणणे, हे बाहेर बोलू नये, उद्या स्थळे यायची आहेत. तिची भीती खोटी नाही. आमच्याकडे मुलीच्या अंगावरचा डागही पत्रिकेत लिहिला जातो. पण मुलाकडच्यांनी पत्रिकेतले गुण मोजण्याआधी मुलाचे एवढे एक ए-टू मोजून आणले, तर माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटतो. अण्णांना विचारूनच मी हे येथे छापायला दिले आहे.

मोठ्या थॅलेसेमियाचा भाऊबंद म्हणजे सिकलसेल. त्यात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या १४६ दुव्यांपैकी फक्त सहावा बदललेला असतो. तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडताच लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. या प्रथिनाचा विद्युतभार निराळा असतो हे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवले. नेमका दुवा कोणता ते १९५७ पर्यंत व्हर्नन इन्ग्रॅमने शोधले, आणि त्या शोधात कागदावरची क्रोमॅटोग्राफी त्याच्या कामी आली. आपल्याकडे नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. गडचिरोली, नंदुरबार, विदर्भाचे इतर जिल्हे येथे हा आजार किती घरांत आहे हे आता सर्वांना माहीत आहे. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. साध्या चाचणीत संशय आला की खात्री करायला हीच नळी लागते. सिकलचे हिमोग्लोबिन तिच्यात जास्त घट्ट चिकटते आणि उशिरा बाहेर पडते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पानातले हरितद्रव्य आणि रक्तातला लाल रंग यांची रासायनिक घडण नात्यातली आहे. मधल्या कड्याचा आकार सारखा. पानात तिच्या मध्यभागी मॅग्नेशियम, रक्तात लोह. हे नाते उजेडात आणणाऱ्यांत त्स्वेटचा कट्टर विरोधक मार्खलेव्स्की हाच पुढे होता. त्स्वेटने पानाचा रंग नळीत घातला, आणि ज्या रक्ताशी त्याचे नाते आहे हे मार्खलेव्स्कीने सांगितले, ते रक्त आता त्याच नळीत तपासले जाते. दोघांपैकी कुणालाही हे पाहायला मिळाले नाही.

त्स्वेटकडे परत येऊ. १९०८ पासून तो वॉर्साच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता. पत्नी हेलेना त्याच्या सोबत होती. डॉक्टरेट मिळाली, पारितोषिक मिळाले, आता कुठे बरे दिवस येतील असे वाटले आणि पहिले महायुद्ध आले. १९१५ साली जर्मन फौजा वॉर्साजवळ येताच पॉलिटेक्निक हलवण्यात आले. प्रयोगशाळा मागे राहिली. आधी मॉस्को, मग निझनी नोव्हगोरोद. दर ठिकाणी बिऱ्हाड, दर ठिकाणी नवी वर्गखोली. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला बिऱ्हाड बांधणे आणि सोडणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण त्या माणसाला परतायचे गाव असते. त्स्वेटला तेही नव्हते. प्रकृती आधीच ढासळलेली.

१९१७ साली, म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला अखेर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. ते युर्येव्ह म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू येथे. वनस्पतिउद्यानाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. ज्यासाठी त्याने एकवीस वर्षे वाट पाहिली ती जागा त्याच्या हाती वर्षभरही राहिली नाही. १९१८ च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्य तार्तूत शिरले आणि त्याच वर्षी रशियन प्राध्यापकांना व्होरोनेझला जावे लागले. रशियात तेव्हा यादवी पेटली होती, अन्नाची टंचाई होती. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझ येथे त्याचा मृत्यू झाला.

हॉलंडमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी त्याचे नाव सुचवले होते. ते पारितोषिक फ्रिट्झ हाबर याला मिळाले. आपले नाव तेथपर्यंत गेले होते हे त्स्वेटला कळायचा मार्ग नव्हता, कारण असल्या शिफारशी पन्नास वर्षे बंद पेटीत राहतात. व्होरोनेझमध्ये त्याच्या नावाचा स्मृतिशिला बसवला गेला तो १९९२ साली. तोवर त्याला जाऊन त्र्याहत्तर वर्षे झाली होती.